माशांची औषधवही

मासे खाणारी माणसे माशाच्या ताजेपणाची जितकी चिकित्सा करतात तितकी त्याच्या पूर्वायुष्याची करीत नाहीत. कल्ले लाल आहेत काय, डोळे पाणीदार आहेत काय, बोटाने दाबले असता मांस पुन्हा वर येते काय, एवढे पाहिले की आमच्या बेळगावच्या मासळीबाजारातले गिऱ्हाईक समाधान पावते. कारवारहून किंवा वेंगुर्ल्याहून घाट चढून आलेला बांगडा समुद्रात असताना काय खात होता, हा प्रश्न आमच्या वाडवडिलांच्या मनात येण्याचे कारणच नव्हते. समुद्र हाच त्याचा पालक आणि समुद्र हाच त्याचा वैद्य. परंतु ज्या माशाला माणूस पाळतो, खाऊ घालतो आणि आजारी पडल्यास औषधही देतो, त्या माशाच्या बाबतीत नुसते कल्ले पाहून भागत नाही.

सॅल्मन हा असा मासा आहे. आपल्याकडे रावसालाच 'इंडियन सॅल्मन' म्हणण्याची रीत आहे. साहेबाच्या जेवणाच्या टेबलावर पडलेले ते नाव असावे. वस्तुतः दोघांची कुळे निराळी. रावस आपला समुद्रातच वाढतो. खरा सॅल्मन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात मोठा होतो आणि अंडी घालण्यासाठी जन्मस्थानी परततो. आज जगाच्या बाजारात येणारा बहुतेक अटलांटिक सॅल्मन मात्र कोठून निघत नाही आणि कोठे परततही नाही. तो जाळ्याच्या पिंजऱ्यात वाढतो. नॉर्वेतील हित्रा नावाच्या बेटावर ग्रोंतव्हेत नावाच्या दोघा भावांनी १९७० मध्ये असे पिंजरे समुद्रात सोडले, तेव्हापासून या धंद्याचा खरा विस्तार झाला असे मानतात.

माझा एक भाचा नोकरीच्या निमित्ताने नॉर्वेतील बर्गेन येथे राहतो. त्याच्या पत्रांतून (हल्ली पत्रे फोनवरच येतात, पण तो लिहितो मात्र जुन्या वळणाने, सविस्तर) हे पिंजरे मला परिचयाचे झाले. डोंगरांच्या कुशीत शिरलेला समुद्राचा चिंचोळा फाटा, त्यात तरंगणारी मोठाली वर्तुळे, आणि एकेका वर्तुळाखाली लाख-दीड लाख मासे. तेथील कायद्याने एका पिंजऱ्यात दोन लक्षांहून अधिक मासे ठेवता येत नाहीत. ज्याने शाळा चालविली आहे त्याला या आकड्याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. एका वर्गात साठ मुले बसली आणि एकाला गोवर आला, तर पुढच्या आठवड्यात हजेरीपटाचे काय होते हे आम्ही पाहिलेले आहे.

या विषयात मी शिरलो तो मात्र मत्स्यप्रेमामुळे नव्हे. गेल्या श्रावणात माझी थोरली बहीण, म्हणजे या भाच्याची आई, मूत्रपिंडाच्या जंतुसंसर्गाने इस्पितळात दाखल झाली. अक्काचे वय बहात्तर. चार दिवस औषध चालू असूनही ताप उतरेना, तेव्हा डॉक्टरांनी तपासणीचा कागद आमच्यापुढे ठेवला. त्यात एका बाजूला प्रतिजैविक औषधांची नावे आणि दुसऱ्या बाजूला प्रत्येकापुढे एक इंग्रजी अक्षर होते: 'एस' असेल तर जंतू त्या औषधाला बधतो, 'आर' असेल तर बधत नाही. एकंदर सोळा नावे. त्यांतील तेरांपुढे 'आर'. तीस वर्षे निकालपत्रके तयार करणाऱ्या माझ्या डोळ्यांना तो कागद एखाद्या प्रगतिपुस्तकासारखा दिसला. फरक इतकाच, की येथे सगळ्या विषयांत उत्तीर्ण झालेला विद्यार्थी जंतू होता आणि नापास झालेली होती ती आमची औषधे.

उरलेल्या तिहींपैकी एक औषध शिरेवाटे चौदा दिवस दिले. अक्का घरी आली. पण त्या चौदा दिवसांत भाचा आईच्या उशाशी बसून होता, आणि एका रात्री तो म्हणाला, "मामा, आमच्याकडे माशांना वर्षभरात किती अँटिबायोटिक दिलं तेसुद्धा किलोवर मोजून छापतात. इथं माणसांचाही हिशेब कुणाकडे दिसत नाही."

अक्काच्या आजाराचा आणि सॅल्मनचा काही संबंध आहे असे मी सुचवीत नाही; तिने तो मासा जन्मात चाखलेला नाही. परंतु "छापतात" हा शब्द माझ्या मनात रुतून बसला. पुढचे दोन-तीन महिने मी या विषयावर जे मिळेल ते वाचीत गेलो.

नॉर्वेची हकीकत सुरुवातीला फारशी गौरवास्पद नाही. १९८०च्या दशकात त्या पिंजऱ्यांत एकामागून एक साथी आल्या. एका रोगाला तर हित्रा बेटाचेच नाव पडले. १९८५ मध्ये स्कॉटलंडहून आणलेल्या पिलांबरोबर फुरुंक्युलोसिस नावाचा दुसरा रोग आला. त्यात माशाच्या अंगावर गळवे येतात. औषधांचा मारा सुरू झाला. १९८७ या एका वर्षात नॉर्वेच्या मत्स्यशेतीत सुमारे ४८ टन प्रतिजैविके खर्ची पडली, आणि त्या वर्षी सॅल्मनचे उत्पादन होते अवघे पन्नास हजार टनांच्या आसपास. म्हणजे दर टन माशामागे जवळजवळ एक किलो औषध!

हे औषध देण्याची तऱ्हाही ध्यानात घेण्याजोगी आहे. माशाला चमच्याने औषध पाजता येत नाही. ते खाद्यात मिसळून पिंजऱ्यात टाकतात. आता, जो खरोखर आजारी आहे त्याची अन्नावरची वासना गेलेली असते. त्यामुळे औषध पोटात जाते ते मुख्यतः धडधाकट माशांच्या. न खाल्लेले खाद्य आणि विष्ठा तळाच्या गाळात बसते, आणि त्या गाळातले जंतू औषधाशी ओळख करून घेतात. जंतूंची विद्या गुरुशिष्यपरंपरेपुरती मर्यादित नसते. औषधाला दाद न देण्याचा गुण एका जातीचा जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूला देऊ शकतो. न्यू यॉर्कमध्ये अध्यापन करणारे चिलीचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ फेलिपे काबेयो यांनी या धोक्याविषयी अनेक वर्षे लिहिले आहे. माशात उरलेला औषधाचा अंश ही एक गोष्ट, आणि पाण्यात तयार झालेले निगरगट्ट जंतू ही दुसरी. ग्राहकाला भीती वाटते ती पहिलीची. खरी चिंता दुसरीची केली पाहिजे.

पहिलीवर उपाय आहे, आणि तो मला गणिताचा शिक्षक नसूनही फार आवडला. औषध बंद केल्यावर मासा बाजारात आणण्यापूर्वी काही काळ जाऊ द्यावा लागतो. पण थंड पाण्यात माशाचे शरीर सावकाश चालते, म्हणून हा काळ नुसत्या दिवसांत न मोजता 'अंश-दिवसां'त मोजतात: पाण्याचे तापमान गुणिले दिवस. पाचशे अंश-दिवस पाहिजे असतील तर दहा अंशाच्या पाण्यात पन्नास दिवस, पाच अंशाच्या पाण्यात शंभर. सातवीच्या पोरांना त्रैराशिक शिकविताना याहून चांगले उदाहरण मला सुचणार नाही.

नॉर्वेचा कायापालट झाला तो लसीमुळे. १९९०च्या दशकाच्या आरंभी फुरुंक्युलोसिसवर परिणामकारक लस निघाली. पिलू समुद्रात सोडण्याआधी त्याला गुंगी देऊन पोटात सुई टोचायची, असा हा प्रकार. आज तेथे दरवर्षी तीस कोटींहून अधिक पिले समुद्रात जातात. काही वर्षांतच प्रतिजैविकांचा खप एका टनाच्या आसपास उतरला. पुढे उत्पादन पन्नास हजारांवरून पंधरा लक्ष टनांच्या घरात गेले, तरी अलीकडच्या दहा वर्षांत औषधाचा वार्षिक आकडा एका टनाच्या आतच राहिला आहे. पूर्वी टनामागे किलो, आता टनामागे एक ग्रॅमही नाही.

लसीचे श्रेय लसीला दिलेच पाहिजे. पण तिच्याबरोबर तेथे आणखी एक व्यवस्था होती. पशुवैद्याने किंवा मत्स्यारोग्यतज्ज्ञाने लिहून दिल्याखेरीज औषध मिळत नाही. जो लिहून देतो त्याला ते विकून नफा घेता येत नाही. लिहून दिलेल्या औषधाची नोंद सरकारी खात्याकडे जाते. आणि वर्षाअखेर त्या नोंदींची बेरीज प्रसिद्ध होते. मधली एक कडी जरी गाळली तरी बाकीच्या कड्यांना अर्थ उरत नाही.

चिलीची कथा अशी सरळ नाही. दक्षिण गोलार्धात सॅल्मन मूळचा नाहीच; तो तेथे नेला गेला, आणि चिली हा नॉर्वेच्या खालोखाल मोठा उत्पादक झाला. १९८९ मध्ये तेथे पिसिरिकेट्सिया नावाच्या जंतूचा रोग ओळखला गेला. हा जंतू माशाच्या पेशींच्या आत लपून राहतो, त्यामुळे लसी असूनही त्यांचे संरक्षण अपुरे पडते. परिणामी तेथील मासे फ्लोरफेनिकॉल या औषधावर तगतात. २०१४ मध्ये चिलीच्या सॅल्मन उद्योगाने सुमारे ५६३ टन प्रतिजैविके वापरली. २०१५ मध्ये अमेरिकेतील कॉस्टको या दुकानदारी कंपनीने याच कारणास्तव चिलीची खरेदी कमी करून नॉर्वेची वाढविली, तेव्हा कोठे उद्योगाला जाग आली. २०२३ मध्ये हा आकडा ३४० टनांच्या आसपास होता. कमी झाला खरा, तरी नॉर्वेशी तुलना करण्याची सोय नाही. चिलीच्या बाजूने न्यायबुद्धीने इतके म्हटले पाहिजे, की त्यांच्या समुद्रातला शत्रू अधिक चिवट आहे, आणि आजारी प्राण्याला औषधावाचून मरू देणे हाही काही धर्म नव्हे.

पण मला अधिक उद्बोधक वाटला तो एक कोर्टातला वाद. एकूण बेरीज सरकार देत होते. कोणत्या कंपनीने किती औषध वापरले, हे मात्र गुलदस्त्यात होते. 'ओसेआना' या समुद्ररक्षणाचे काम करणाऱ्या संस्थेने २०१४ मध्ये सेर्नापेस्का या सरकारी मत्स्यखात्याकडे कंपनीवार आकडे मागितले. अनेक कंपन्यांनी हरकत घेतली: हे आमचे व्यापारी गुपित, प्रतिस्पर्ध्याला कळले तर आमची हानी होईल. प्रकरण सान्तियागोच्या अपील न्यायालयात गेले आणि २०१६ मध्ये न्यायालयाने माहिती देण्याच्या बाजूने निर्णय दिला. समुद्र सर्वांचा, जंतू सर्वांचे, आणि औषधाची वही तेवढी खाजगी, हा युक्तिवाद मला तरी कधी पटला नसता. दोनच वर्षांनी, जुलै २०१८ मध्ये, काल्बुको येथे वादळाने एका फार्मचे पिंजरे फुटून सुमारे सहा लक्ष नव्वद हजार मासे समुद्रात पळाले. त्यांपैकी पुष्कळांवर औषधोपचार चालू होता, आणि ते मासे खाऊ नका, असे किनाऱ्यावरच्या लोकांना सांगावे लागले. पळून गेलेल्या माशाचे अंश-दिवस कोण मोजणार?

वही उघडी ठेवली की ती मालकाची सोय पाहून बोलत नाही, हेही खरे. नॉर्वेच्याच प्रसिद्ध अहवालावरून जगाला कळले, की २०२३ मध्ये तेथील समुद्री पिंजऱ्यांत सहा कोटींहून अधिक सॅल्मन कापणीपूर्वीच मेले. शेकडा सोळांहून अधिक. त्याला निरनिराळी कारणे आहेत. प्रतिजैविकांची फुशारकी मिरविणाऱ्या देशाला हा आकडा लपविता आला असता तर त्याने लपविला नसता असे नाही. पण वही एकच आहे.

सरकारी मराठी शाळेच्या मुख्याध्यापकाला नोंदवह्यांचे महत्त्व सांगण्याची गरज नाही. दुपारच्या भोजनाचे तांदूळ किती, डाळ किती, जेवली मुले किती, हे आम्ही रोज लिहितो. माझा अनुभव असा, की वही कपाटात असते तेव्हा ती निरीक्षकासाठी लिहिली जाते, आणि तीच फळ्यावर लिहिली की आया वाचतात. मग आमटी आपोआप दाट होते.

आपल्या देशातही वही अगदीच नाही असे नव्हे. २०१४ पासून अनेक प्रतिजैविकांची विक्री औषधविक्रेत्याला वेगळ्या नोंदवहीत लिहावी लागते. २०१९ मध्ये कोलिस्टिन हे शेवटच्या फळीतले औषध खाद्यप्राण्यांना देण्यास बंदी झाली. परदेशी जाणाऱ्या कोळंबीचे नमुने कसून तपासले जातात. २०१६ मध्ये युरोपने आपल्या कोळंबीच्या निम्म्या मालाची तपासणी सुरू केल्यापासून तर विशेषच. मात्र वर्षभरात आपल्या तळ्यांत एकूण किती किलो औषध पडले, हे सांगणारा चिलीसारखा वार्षिक तक्ता सामान्य गृहस्थाला वाचावयास मिळत नाही. परक्याच्या पानात काय पडते ते आपण तपासतो. आपल्या पानाचे काय?

अक्का आता बरी आहे. हातात काठी आली आहे, आणि पाण्याचा तांब्या सतत जवळ ठेवावा लागतो. भाच्याला ती दर रविवारी फोनवर विचारते, "तुमच्या माशांचा निकाल लागला का रे?" तोही गंभीरपणे आकडा सांगतो.

मी काय केले, तर गेल्या सोमवारी दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकाराखाली एक अर्ज संबंधित खात्याला पाठविला. विचारले इतकेच: गेल्या तीन वर्षांत बेळगाव जिल्ह्यातील बाजारांतून मासळीचे किती नमुने प्रतिजैविकांच्या तपासणीसाठी घेतले गेले, कोणत्या महिन्यांत, आणि त्यांचे निष्कर्ष काय. अर्ज मराठीत लिहिला होता. सोबत कन्नड भाषांतर जोडले, म्हणजे त्या कारणावरून तरी तो परत येऊ नये. उत्तरासाठी कायद्याने तीस दिवस दिलेले आहेत. त्यांतले आठ झाले.