शरदाची चित्रवही

शरद ऋतूच्या वाट्याला आपल्याकडे कौतुक तसे कमीच आले आहे. पावसाची वाट पाहिली जाते, वसंताचे स्वागत होते, हिवाळ्याच्या गुलाबी थंडीवर गप्पा रंगतात. पण आश्विन-कार्तिकाचे दोन महिने मात्र आपण 'ऑक्टोबरची काहिली' या दोन शब्दांत निकालात काढतो. शिवाय भेटकार्डांनी आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकांनी आपल्या मनात या ऋतूचे एक परके चित्र रुजवून ठेवले आहे. तांबड्या-नारिंगी मेपल वृक्षांची रांग, खाली पानांचा सडा आणि त्यातून धुक्यात शिरणारी पायवाट. हे चित्र सुंदर आहे, पण ते आपले नव्हे. आपल्याकडची पानगळ शिशिरातली. आमच्या वसईच्या किनारपट्टीत देशी बदामाची पाने लालबुंद होतात, तीही बहुधा नाताळच्या आगेमागे. आपला शरद हिरवा आहे आणि त्या हिरव्यातून हळूहळू उगवणारा सोनेरी आहे.

हे मला कळले ते वयाच्या साठीत, आणि तेही एका स्वस्त रंगपेटीमुळे. मी काही चित्रकार नव्हे. शाळेत चित्रकलेच्या तासाला कागदावर सांडलेल्या पाण्यापलीकडे माझी प्रगती झाली नव्हती. २०११ साली नोकरीतून निवृत्त झालो, तेव्हा सकाळच्या रिकाम्या वेळाचे काय करावे हा प्रश्न होता. घरात नातवंडांची जुनी जलरंगाची पेटी पडलेली होती. ती, एक गोल कुंचला, पाण्याची बाटली आणि जाड कागदाची एक वही घेऊन वाडीच्या टोकाशी जाऊन बसलो. तेव्हापासून दरवर्षी पाऊस परतू लागला की ही वही उघडते आणि नोव्हेंबर संपला की मिटते. एका पानावर चित्र आणि समोरच्या पानावर चार ओळींची नोंद, असा माझा रिवाज आहे.

पहिल्या वर्षी मी पेटीतला तयार हिरवा रंग सर्रास वापरला. परिणाम असा झाला की केळीची बाग औषधाच्या बाटलीसारखी दिसू लागली! पुढे अनुभवाने कळले की निसर्गातला हिरवा कुठल्याच वडीत मिळत नाही. तो पिवळ्या आणि निळ्यातून स्वतः करावा लागतो आणि त्यात तांबूस मातीरंगाचा किंचित अंश मिसळावा लागतो. केळीच्या नव्या पानाला पिवळा अधिक लागतो, पानवेलीला निळा अधिक, आणि आंब्याच्या जुन्या पानाला तो मातीरंग जवळजवळ निम्मा. भाताचा रंग तर दर आठवड्याला बदलतो. हळवे भात दसऱ्याच्या सुमारास पिवळे पडू लागते, तेव्हा शेजारच्या खाचरातले गरवे अजून हिरवेगार असते. एकाच शिवारात दोन रंगांचे तुकडे असे शेजारी शेजारी उभे असतात, आणि मधल्या बांधावरून एखादी आजी तांबडे लुगडे नेसून चालत गेली की साऱ्या चित्राला जणू अर्थ येतो.

आपल्या मातीचे रंग आपल्याच डोळ्यांनी पाहावेत, हा आग्रह ज्यांनी आयुष्यभर जपला त्या अँजेलो द फोन्सेका यांची या ठिकाणी आठवण होते. गोव्यात १९०२ साली जन्मलेला हा कलावंत मुंबईच्या कलाशाळेतून शांतिनिकेतनात गेला, अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्या सहवासात शिकला आणि पुढे पुण्याच्या आश्रमात राहून चित्रे काढत राहिला. त्याची मरियामाता साडी नेसलेली आहे; तिच्या सभोवती इथलीच माणसे आणि इथलेच वातावरण आहे. त्या काळी अनेकांना हे रुचले नाही. १९६७ साली तो गेला, आणि त्याचे मोल आपल्याला बरेच उशिरा कळले. त्याच्या कलेशी माझ्या वहीची तुलना करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण परक्या देशाच्या पानगळीची नक्कल करण्यापेक्षा आपल्या दारच्या केळीचा हिरवा शोधावा, एवढा धडा माझ्यासारख्या हौशी माणसालाही त्याच्याकडून घेता येतो.

समोरच्या पानावरच्या नोंदी आरंभी अगदी त्रोटक होत्या. तारीख, वेळ, वारा कुठला, आकाश कसे. पुढे त्यात एक मजेशीर रकाना वाढला, तो म्हणजे रंग वाळायला लागलेला वेळ. जलरंगाचे सारे तंत्र पाण्यावर आणि म्हणून हवेवर अवलंबून असते. सप्टेंबरच्या दमट सकाळी आकाशाचा निळा वॉश कागदावर पसरला की तो वाळायला मला पंचवीस-पंचवीस मिनिटे थांबावे लागते. ऑक्टोबरअखेर तेच काम सहा-सात मिनिटांत होते. घाई करून ओल्या आकाशावर माडाची झावळी काढली तर ती पसरून ढग होते. त्यामुळे शरदाने मला थांबायला शिकवले, आणि थांबलेल्या माणसाला आजूबाजूचे पुष्कळ दिसते. या रकान्यातून आणखी एक गोष्ट ध्यानात आली. कागद लवकर वाळू लागण्याचा दिवस वर्षागणिक पुढे सरकल्यासारखा वाटत होता. हवामान खात्याने २०२० साली मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख २९ सप्टेंबरऐवजी ८ ऑक्टोबर अशी ठरवल्याचे वाचले, तेव्हा माझ्या वहीला मोठ्या शास्त्राची साक्ष मिळाल्याचा आनंद झाला.

माझी बसण्याची जागा ठरलेली आहे: आमच्या वाडीच्या कडेचे बावखल. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, बावखल म्हणजे आमच्या पूर्वजांनी बागायतीसाठी खणलेले, पावसाचे पाणी साठवणारे तळे. त्याच्या पाण्यावर पूर्वी रहाटाने, मग इंजिनाने आणि नंतर विजेच्या पंपाने केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाला पिकला. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही विहिरींना गोडे पाणी राहिले, त्यात जमिनीत मुरणाऱ्या या साठ्यांचा मोठा वाटा आहे. शरदात बावखल तुडुंब असते. गढूळपणा खाली बसलेला, पृष्ठभागावर कमळिणीची पाने, काठाला कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे, आणि साऱ्यावर धुऊन निघालेल्या आकाशाचे प्रतिबिंब. सप्टेंबर सरता सरता धोबी पक्षी शेपटी हलवीत काठावर उतरतो. खंड्या तर बारमाही सोबती. पण त्याची निळाई याच दिवसांतल्या उन्हात खरी पेटते.

आणि चतुर! ऑक्टोबरच्या दुपारी बावखलावर पिवळसर चतुरांचे थवेच्या थवे तरंगत असतात. मी त्यांना कितीतरी वर्षे केवळ कुंचल्याचे चार फटके म्हणून रंगवीत होतो. पुढे वाचनात आले की मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या सागरी जीवशास्त्रज्ञाने त्यांच्या प्रवासाविषयी २००९ साली एक शोधनिबंध लिहिला. मालदीवच्या बेटांवर गोड्या पाण्याची तळी जवळजवळ नसतानाही दर ऑक्टोबरात लाखो चतुर कुठून येतात, या कोड्याचा त्यांनी पाठपुरावा केला. ते भारतातून, परतीच्या वाऱ्यांवर स्वार होऊन येतात आणि पुढे हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. बोटभर लांबीचा हा जीव पावसाच्या साठलेल्या पाण्यात जन्मतो. आमच्या बावखलातला एखादा तरी आफ्रिकेला पोहोचत असेल काय? हा विचार मनात आल्यापासून ते चार फटके मी अधिक आदराने मारतो.

जलरंगाचा एक नियम मात्र मला सर्वांत उशिरा उमगला. या माध्यमात पांढरा रंग असा नसतो. पेटीत पांढरी वडी असते खरी, पण ती वापरली की रंगाचा पारदर्शकपणा मरतो आणि चित्र खडूसारखे दिसू लागते. जलरंगातला पांढरा म्हणजे कोरा कागद. बावखलाच्या काठी उभा असलेला बगळा रंगवायचा असेल तर त्याला रंगवायचेच नसते. त्याच्या भोवतीचे पाणी आणि लव्हाळी रंगवायची आणि बगळ्याएवढी जागा कोरी राखायची. अट एकच, ही जागा पहिला थेंब पडण्यापूर्वी ठरवावी लागते. एकदा तिच्यावरून निळा फिरला की कितीही टिपून घेतले, कितीही घासले, तरी तो मूळचा शुभ्रपणा परत येत नाही.

हा नियम आता मला कागदाबाहेरही दिसू लागला आहे. आमच्या भागातली बावखले एकामागून एक बुजत गेली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईसाठी उभारलेली चळवळ अनेकांना आठवत असेल. फादर २०२४ साली गेले. त्या चळवळीने जे सांगितले त्याची आठवण २०१८ च्या जुलैत पावसानेच करून दिली. वसई-विरारचा परिसर पाण्याखाली गेला, गाड्या थांबल्या, लोक घरांत अडकले. पाण्याने आपल्या जुन्या जागा शोधल्या आणि तिथे त्याला भराव आणि भिंती भेटल्या.

आमचे बावखल चार चुलत घरांच्या सामाईक मालकीचे आहे. गेल्या वर्षी ते बुजवावे की राखावे यासाठी आम्ही सारे एकत्र बसलो. विषय सोपा नव्हता. माझ्या एका पुतण्याला खरोखरच घराची गरज आहे. तीन खोल्यांत सहा माणसे राहतात. त्याला निसर्गाची आवड नाही असेही नाही. "काका, तुमचे चित्र भिंतीवर लावायला आधी भिंत तर हवी ना?" तो हसत म्हणाला, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. मी सोबत नेलेल्या वह्या बाजूला ठेवल्या होत्या. त्यांच्या जोरावर वाद जिंकावा असे मनात नव्हते. चहाच्या वेळी त्यानेच त्या चाळायला घेतल्या. २०१४ च्या वहीत तो थबकला. पायऱ्यांजवळ तांबड्या रंगाचा तांदळाएवढा एक ठिपका होता. समोरच्या पानावर माझी नोंद होती: 'वहिनी भाजीच्या जुड्या धूत आहेत. विचारतात, अजून किती वेळ बसू?'

"ही आई?" त्याने विचारले. मी मान हलवली. त्याची आई जाऊन आता सहा वर्षे झाली. तिचे फोटो पुष्कळ आहेत, लग्नातले, सणाचे, ओळखपत्रावरचे. पण रोजच्या कामात बुडालेली, पाण्याजवळ बसलेली ती फक्त त्या ठिपक्यात होती. त्याने ते पान बराच वेळ उघडे धरले आणि मग वही मिटून दोन्ही हातांनी मला परत दिली.

त्या दिवशी निर्णय झाला नाही, अजूनही झालेला नाही. वाडीच्या दुसऱ्या कडेची जागा घरासाठी देता येईल का, याची मोजणी चालू आहे. त्यासाठी दोन घरांना आपला हिस्सा थोडा सोडावा लागेल, आणि त्यांतले एक घर माझे आहे. माझी तयारी आहे. दुसऱ्या घराचे मन वळेल की नाही, हे मी आज सांगू शकत नाही. परंतु बैठकीत पूर्वी 'किती भराव लागेल' एवढाच प्रश्न होता. आता 'काय राखायचे' हा प्रश्नही त्याच्या शेजारी येऊन बसला आहे, आणि तो पुतण्यानेच विचारला आहे.

वाचकांपैकी कुणाला हा छंद लावून घ्यावासा वाटला तर फार खर्च नाही. एक लहान रंगपेटी, एक बरा कुंचला, पाणी फुगवणार नाही असा जाड कागद आणि दिवसातली वीस मिनिटे पुरेत. चित्र चांगले आले पाहिजे असा हट्ट मात्र धरू नये. माझी तीनशेहून अधिक चित्रे झाली, त्यांतली भिंतीवर लावण्याजोगी पाचसहाही नसतील. पण कोणत्या दिवशी पहिला धोबी आला, भात कधी पिवळे पडले, पाणी कितव्या पायरीवर होते आणि त्या पायरीवर कोण बसले होते, हे त्यांत आहे. संध्याकाळी जपमाळेची घंटा झाली की मी कुंचला धुतो. त्याआधी उद्याच्या पानावर पेन्सिलीने अगदी फिकट अशी एक रेघ ओढून ठेवतो. तेवढ्या जागेवर रंग घालायचा नाही, असे तिने मला उद्या सकाळी सांगावे म्हणून.