एकट्याचं जेवण

रामेन म्हटलं की आपल्याकडे अजूनही बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मॅगीच येते. तसं ते अगदीच चुकीचं नाही म्हणा. पाकिटातल्या झटपट नूडल्सचा जन्म इथलाच. मोमोफुकु आंदो नावाच्या गृहस्थांनी 1958 साली ओसाकाजवळच्या इकेदा गावात, घरामागच्या एका शेडमध्ये खटपट करून नूडल्स तेलात तळून कोरड्या करायची युक्ती शोधली. पुढे 1971 मध्ये कपातल्या नूडल्सही त्यांनीच आणल्या. पण ते पाकीट आणि कोपऱ्यावरच्या दुकानातलं वाडगाभर रामेन यांत तितकाच फरक आहे, जितका पाकिटातल्या इडलीच्या पिठात आणि उडप्याकडच्या इडलीत.

आणि गंमत म्हणजे रामेन मुळात जपानी नाहीच! चिनी लोकांबरोबर आलेली ही गव्हाची शेवई. तोक्योतल्या आसाकुसात 1910 साली राइराइकेन नावाचं दुकान निघालं, तिथपासून ती सर्वसामान्यांच्या जिभेवर बसली असं मानतात. तेव्हा तिला रामेन म्हणत नसत, 'शिना सोबा', म्हणजे चिनी शेवया. 1945 नंतर युद्धात हरलेल्या जपानात तांदळाचा ठणठणाट होता आणि अमेरिकेचा गहू येत होता. त्या दिवसांत हातगाड्यांवरच्या गरम वाडग्यांनी कितीतरी लोकांची पोटं भरली. आपल्याकडे वडापाव कसा कामावर जाता-येता भूक भागवायला आला आणि मग घरचाच होऊन बसला, तसंच.

आता सापोरोचं रामेन मिसोचं, हाकाताचं डुकराच्या हाडांच्या दुधट रश्शाचं, तोक्योचं सोयासॉसचं. कोणतं खरं, यावर इथली माणसं पुणे-कोल्हापूर-नाशिकच्या मिसळीवर आपण भांडतो तितक्याच प्रेमाने भांडतात.

असो. आमच्या घराजवळच्या दुकानाबद्दल लिहायचं होतं.

तोक्योच्या पूर्वेला निशी-कासाईत आम्ही राहतो. इथे भारतीय इतके की भाजीवाल्याकडे हमखास ओळखीचा चेहरा भेटतो. स्टेशनपासून जरा आत, दोन इमारतींच्या मध्ये, निळा कापडी पडदा लावलेलं एक दुकान आहे. आत एल आकाराचा कट्टा आणि आठ स्टुलं. टेबल एकही नाही. सत्तरीचे आजोबा आणि त्यांची बायको, बस्स. अकराला पडदा लागतो आणि रस्सा संपला की उतरतो, मग दोन वाजलेले असोत की एक. बाहेर रांग कायमची.

दारातच तिकिटाचं यंत्र आहे. पैसे टाकायचे, बटण दाबायचं, चिठ्ठी आजींच्या हातात द्यायची. मग कट्ट्यावर बसून समोर बघत राहायचं. आधी वाडग्याच्या तळाला सोयाचा अर्क, त्यावर चमचाभर वासाचं तेल, मग उकळता रस्सा. तोवर उंच चाळणीत शेवया शिजत असतात. आजोबा ती चाळणी हवेत दोनदा असा काही झटका देऊन निथळतात की पाण्याचा एक थेंब वाडग्यात जात नाही. वर पातीचा कांदा, बांबूचे कोंब, मुरवलेलं अर्धं अंडं. शेवयांना पिवळा रंग आणि ताण येतो तो कान्सुइ नावाच्या खारट पाण्यामुळे, थोडंफार आपल्या पापडखारासारखं. शेवया पाच-सात मिनिटांत फुगायला लागतात, म्हणून आल्या आल्या खायच्या. गप्पा नाहीत, फोटोंचा सोहळा नाही. आठही माणसं शेजारी शेजारी, आपापल्या वाडग्यात डोकं घालून.

पहिल्यांदा गेले तेव्हा मला हे फार उदास वाटलं होतं. आपल्याकडे एकट्याने जेवणं ही दयेची गोष्ट. "बिचारा एकटाच जेवतो" असं आपण म्हणतो ना.

आणि हे वाक्य बराच काळ आमच्या घरात बाबांबद्दल बोललं जात होतं. आई 2023 च्या पावसाळ्यात गेली. त्यानंतर अलिबागच्या घरात बाबा एकटे. दादा पुण्याला, मी इथे. स्वयंपाकाला बाई येतात, करून झाकून ठेवतात. पण बाबा पान मांडून बसेचनात. ओट्यापाशी उभ्या उभ्या, भांड्यातूनच चार घास. कधी तेही नाहीत. मी रोज फोन करायची, इथे रात्रीचे साडेअकरा, तिकडे आठ. "जेवलात का?" "हो, झालं." त्या 'झालं'मध्ये काही नसायचं. वजन सहा किलो उतरलं तेव्हा दादाने आणि मी ठरवलं, त्यांना काही दिवस इकडे आणायचं.

2024 च्या नोव्हेंबरात ते आले, सहा आठवड्यांसाठी. पहिल्याच शनिवारी त्यांना या दुकानात घेऊन गेले. बाबा मासे-कोंबडी खाणारे, पण डुकराचं नको. आमच्या या दुकानातला रस्सा निबोशीचा, म्हणजे सुकवलेल्या बारीक मासळीचा, जोडीला कोंबडीची हाडं आणि समुद्री शेवाळ. वर ठेवतात ती मांसाची चकती तेवढी नको म्हणून सांगितलं. पडदा बाजूला केला मात्र, बाबा दारातच थबकले.

"अगं, ही तर आपली सुकी मांदेली!"

नाकाने आधी ओळखलं. खरंच, निबोशीतला मासा मांदेलीचाच भाऊबंद. वाडगा आला. चॉपस्टिक्सशी थोडी झटापट झाली आणि मग त्यांचं शेजाऱ्याकडे लक्ष गेलं. सुटाबुटातला तो माणूस शेवया ओढताना असा काही आवाज करत होता की विचारू नका! इथे ते चालतं. शेवया जिभेला भाजत नाहीत आणि वासही नाकापर्यंत पोचतो. बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कढीचा ओढावा तसा दणदणीत भुरका मारला. आमच्या घरच्यांना माहीत आहे, आई चाळीस वर्षं या भुरक्यावर चिडत आली. "पाहुणे आहेत, हळू!" बाबा वाडग्यात बघतच म्हणाले, "तिला इथे आणायला हवं होतं. हरली असती." आई गेल्यापासून तिचं नाव त्यांनी आपणहून पहिल्यांदा घेतलं होतं. मग वाडगा तळापर्यंत रिकामा केला.

सोमवारी मी ऑफिसला गेले. संध्याकाळी आले तर कळलं, स्वारी दुपारी एकटीच तिथे जाऊन आली! यंत्रावर सगळं जपानीत, म्हणून "दुसरी ओळ, डावीकडून पहिलं बटण" हे पाठ केलेलं. त्यात जुलै 2024 मध्ये जपानच्या नवीन नोटा निघाल्या होत्या आणि अशा छोट्या दुकानांतली जुनी यंत्रं त्या घेत नव्हती. मग बाबांनी माझ्या पाकिटातल्या जुन्या हजाराच्या नोटा वेगळ्या काढून एका लिफाफ्यात ठेवल्या. लिफाफ्यावर मराठीत लिहिलं, 'शेवया'. पुढे आठवड्यातून तीनदा तरी जायचे. आजींनी काही न विचारता त्यांना भिंतीकडचं स्टूल द्यायला सुरुवात केली, उठताना गुडघ्याला आधार मिळावा म्हणून. एका शब्दाचीही भाषा दोघांत सारखी नाही.

खाऊन झालं की इथे वाडगा वरच्या फळीवर ठेवायचा, आपल्यापुढचा कट्टा फडक्याने पुसायचा आणि निघताना 'गोचिसोसामा देशिता' म्हणायचं. त्यातल्या 'चिसो'चा मूळ अर्थ धावपळ. तुम्ही माझ्या घासासाठी इतकी धावपळ केलीत, म्हणून आभार. हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे अन्नदाता सुखी भव." आणि ते तसंच म्हणायला लागले. मराठीत! आजोबा आतून वाकून नमस्कार करायचे.

एका रात्री मी त्यांना विचारलं, एवढं काय आहे तिथे? जरा वेळाने म्हणाले, "तिथे सगळेच एकटे बसतात गं. कोणी माझ्याकडे वाईट वाटल्यासारखं बघत नाही. समोर एक माणूस फक्त माझ्यासाठी करत असतो, आणि ते गरम असताना खावं लागतं."

दादा, वहिनी, तुम्ही हे वाचाल म्हणून मुद्दाम लिहिते आहे. आपण त्यांच्या सोबतीची काळजी करत होतो. एकट्याने जेवायलाही एक रीत लागते, ती त्यांना हवी होती.

जायच्या आधी आम्ही काप्पाबाशीला गेलो. उएनो आणि आसाकुसाच्या मधली ही अख्खी गल्ली स्वयंपाकघराच्या सामानाची. बाबांनी निळ्या नक्षीचा एक खोलगट वाडगा निवडला. दुकानदारीण जोडी दाखवायला लागली. बाबांनी हसून एक बोट वर केलं. एकच.

जपानला आलात तर नक्की जा एखाद्या अशा दुकानात. शाकाहारी असाल तर मात्र आधी विचारा, कारण रस्सा बहुतेक ठिकाणी हाडांचा नाहीतर मासळीचाच असतो. तोक्यो स्टेशनात 'टीज् तानतान'मध्ये शुद्ध शाकाहारी रामेन मिळतं. आणि घोळका करून जाऊ नका, आठ स्टुलांच्या दुकानात एकेकटंच पटकन जागा मिळते.

बाबांचं वजन अजून पूर्ण भरलेलं नाही. काल रात्री नेहमीच्या वेळेला फोन केला. "जेवलात का?" पलीकडून पातेल्यावर डावाचा आवाज आला. म्हणाले, "आत्ता बसलोय. आमटी गरम आहे. तू नंतर कर."

आणि फोन ठेवून दिला.