विहिरीत वाघ पडलाय!

मुलांनो, आमच्या जुन्नर तालुक्यात बिबट्याला कुणी बिबट्या म्हणत नाही, बरं का! 'वाघ' म्हणतात. मी इथल्या एका वाडीवर शिकवते. उशिरा आलेल्या मुलानं "बाई, वाटेत वाघ होता" असं सांगितलं, तर मी त्याला ओरडत नाही. ते बहुधा खरंच असतं.

बिबट्या इथे एवढा का? धरणं झाली, कालवे आले, ऊस वाढला. उसात लपायला जागा, प्यायला पाणी आणि खायला कुत्री, शेळ्या, डुकरं. मग जंगलात जायचं कशाला? पण रात्री सावजामागं धावताना कठडा नसलेली विहीर दिसत नाही. धप्प!

अशाच एका हिवाळ्यात भर प्रार्थनेत आरोळी आली, "विहिरीत वाघ पडलाय!" वर्ग दुसऱ्या बाईंकडे सोपवून मी गेले. विहिरीभोवती ही गर्दी! खाली तो मोटारीच्या पाइपाला पंजे रुतवून लोंबकळत होता. बिबट्याला पोहता येतं, पण उभ्या भिंतीवर चढणार कसा? दमला की बुडणार.

माझ्या एका विद्यार्थ्याची आई तिथेच उभी होती. म्हणाली, "काढता कशाला त्याला? माझी गाभण शेळी नेली की मेल्यानं!" तिला काय सांगणार? शेळी गेली होती हे खरं होतं. भागात माणसंही गेली आहेत. पंचनामा झाला की भरपाई मिळते, पण गाभण शेळीची भरपाई पैशात होते का?

वनखात्याच्या माणसांनी आधी एक बाज मागितली. चार पायांना चार दोर बांधून ती पाण्यावर सोडली. बिबट्या चढून बसला, धापा टाकत. आणि ती बाज, गंमत बघा, त्याच बाईच्या ओट्यावरची होती! "दोर नीट बांधा, बाज नवी आहे," एवढंच ती म्हणाली.

मग पिंजरा सोडायचा. पण वर माणसं ओरडताहेत, फोन पुढे करून वाकताहेत, तर तो आत जाईल कसा? बिबट्यापेक्षा माणसं हटवण्यातच जास्त वेळ गेला. सगळे मागे सरले, शांत झालं, आणि पाच मिनिटांत तो पिंजऱ्यात! कधी कधी नुसती लांब शिडी लावून सगळे दूर जातात. अंधार पडला की तो आपला आपण चढून जातो.

ऊसतोडीत पिल्लं सापडतात तेव्हाही हेच. वनखातं आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्राचे डॉक्टर त्यांना तपासतात. मग संध्याकाळी सापडल्या जागीच खोक्यात ठेवतात. आई येते, खोकं पाडते आणि मानेला धरून एकेक पिल्लू नेते. लोकांनी आधीच पिल्लं घरी नेली, तर ती शोधणार कुठे?

गाय-बैल पडले तर मात्र माणसांनाच उतरावं लागतं. तेव्हा गळ्यात दोर घालून ओढू नका हं, फास बसतो. पोटाखालून रुंद पट्टे घ्यायचे आणि गुरांच्या डॉक्टरांना बोलवायचं. ही कामं मोठ्यांची. तुम्ही फक्त मोठ्यांना सांगा. वन्य प्राणी असेल तर वनखात्याचा 1926 हा क्रमांक त्यांना लावायला सांगा. आमच्या फळ्याच्या कोपऱ्यात तो कायमचा लिहिलेला आहे.

नंतर चौथीच्या मुलांनी शाळेच्या वाटेवरच्या उघड्या विहिरी मोजल्या. सात निघाल्या! दोघींना कठडे झाले. एकीला तूर्त बाभळीच्या फांद्यांचं कुंपण आहे, पण त्याचा पाला शेळ्या रोज खाऊन जातात.