वंशावळ नको, व्यवस्था दाखवा : हॅरी पॉटरच्या आधीची गोष्ट कोणाची?

हॅरी पॉटरच्या चाहत्यांमधला एक वाद गेली कित्येक वर्षे मिटलेला नाही. हॅरीच्या जन्माआधीचा काळ पडद्यावर आणायचा झाला, म्हणजेच प्रीक्वेल काढायचा झाला, तर गोष्ट कोणाची सांगायची? एक गट म्हणतो, हॅरीचे वडील जेम्स आणि त्यांचे मित्र सिरियस, ल्युपिन व पीटर यांची, १९७० च्या दशकातली. दुसऱ्या गटाला हजार वर्षांपूर्वी हॉगवर्ट्स ही जादूची शाळा काढणारे चौघे संस्थापक हवे आहेत. तिसऱ्या गटाला अनाथाश्रमातला टॉम रिडल हा मुलगा वोल्डेमॉर्ट कसा झाला ते पाहायचे आहे. आम्हीही या मालिकेचे चाहते आहोत आणि या वादात आमचेही एक मत आहे. ते येथे मांडत आहोत.

चळवळीत काम करणाऱ्यांनी असल्या परदेशी जादूच्या गोष्टींत का पडावे, असा प्रश्न काही मित्र विचारतील. ही सात पुस्तके १९९७ ते २००७ या काळात आली आणि आठ चित्रपट २००१ ते २०११ मध्ये. म्हणजे आमची पिढी यांच्याबरोबरच वाढली. आम्ही पुस्तके वाचनालयातून आणि मित्रांकडून मागून वाचली, चित्रपट टीव्हीवर हिंदीत पाहिले. आज आमच्या अभ्यासिकेत येणारी मुले तेच चित्रपट मोबाईलवर पाहतात. मध्यंतरी नववीतल्या एका मुलाने आम्हाला विचारले, "दादा, वोल्डेमॉर्टचा बाप तर साधा माणूस होता, जादूगार नव्हता. मग तो शुद्ध रक्तवाल्यांचा पुढारी कसा झाला?" या एका प्रश्नावर तासभर चर्चा झाली. समाजशास्त्राच्या वर्गातही असे प्रश्न रोज ऐकायला मिळत नाहीत. मुले गोष्टीतून व्यवस्था समजून घेत असतात. म्हणून गोष्ट कोण सांगतो आणि कोणाची सांगतो, याला महत्त्व आहे.

प्रीक्वेलचा एक प्रयोग होऊन गेला आहे, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. 'फॅन्टॅस्टिक बीस्ट्स' या नावाने पाच चित्रपट ठरले होते. २०१६, २०१८ आणि २०२२ मध्ये तीन आले आणि गाडी थांबली. पहिल्याने जगभरात ८० कोटी डॉलरहून अधिक कमावले होते, तिसरा सुमारे ४० कोटींवर अडकला. कोणी नट बदलल्याचे कारण देतो, कोणी गुंतागुंतीच्या कथेचे. आम्हाला कारण कथेच्या दिशेत दिसते.

पहिला चित्रपट १९२६ च्या न्यूयॉर्कमध्ये घडतो. तेथे जादूगारांनी बिगर-जादूगारांशी मैत्री किंवा लग्न करायचे नाही, असा कायदाच आहे. क्वीनी ही जादूगार मुलगी आणि जेकब हा कारखान्यात राबणारा, बेकरी काढण्याचे स्वप्न पाहणारा साधा माणूस. बँक त्याला कर्ज नाकारते आणि कायदा त्याला प्रेम नाकारतो. शेवटी कायद्याप्रमाणे त्याची स्मृती पुसली जाते. किती मोठा विषय हातात होता! चित्रपटातल्या न्यूयॉर्कच्या दहाच वर्षे आधी, १९१६ साली, त्याच शहरातल्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला होता. आपल्याच गटात लग्न करण्याचे बंधन हेच जातीचे मूळ लक्षण आहे, असे त्यात त्यांनी दाखवले. रोटीबंदी, विटाळ यांच्याही मुळाशी बेटीबंदी आहे, हे आपण तेव्हापासून शिकत आलो. आणि खुद्द अमेरिकेत गोऱ्या-काळ्यांच्या लग्नावरची बंदी तेथील सर्वोच्च न्यायालयाने थेट १९६७ साली रद्द केली. म्हणजे चित्रपटातला तो कायदा हवेतून आलेला नव्हता.

पण पुढच्या भागांत काय झाले? दुसऱ्या भागात आपल्याला हवे तसे लग्न करता येईल या आशेने क्वीनी ग्रिंडेलवाल्डच्या बाजूला जाते. वर्चस्ववादी पुढारी पीडितांच्याच खऱ्या दुःखाचा वापर कसा करतो, हे दाखवायची ही जागा होती. ती दोन-तीन प्रसंगांत उरकली. सारी कथा 'क्रीडन्स कोणाचा मुलगा?' या प्रश्नाभोवती फिरू लागली आणि उत्तर निघाले, तो डंबलडोर घराण्याचा! तिसऱ्या भागात तर जादूगारांचा नेता कोण, हे एक पवित्र प्राणी कोणापुढे झुकतो त्यावरून ठरते. शेवटी क्वीनी आणि जेकबचे लग्न न्यूयॉर्कमध्येच थाटात लागते. लेखिका रोलिंग यांनीच अन्यत्र लिहून ठेवल्याप्रमाणे तो विवाहबंदीचा कायदा १९६५ पर्यंत लागू होता. मग हे लग्न कसे झाले? कायदा मोडला, की कोणी लढून सवलत मिळवली? चित्रपट एक शब्द बोलत नाही. व्यवस्थेचा प्रश्न उभा करायचा आणि उत्तर म्हणून वंशावळ हातात द्यायची, हा त्या मालिकेचा खरा दोष आहे.

आता चाहत्यांच्या मागण्यांकडे वळू. संस्थापकांच्या गोष्टीत एक गाभा आहे, हे आम्ही मान्य करतो. सालाझार स्लिदरिनचे म्हणणे होते की शाळेत प्रवेश फक्त जादूगार घराण्यांतल्या मुलांनाच द्यावा. इतर संस्थापकांनी ते मानले नाही, तेव्हा तो शाळा सोडून गेला. जाताना तळघरात एक राक्षसी साप ठेवून गेला, जो हजार वर्षांनंतरही 'अपात्र' मुलांना शोधत राहतो. शिक्षण कोणाला द्यायचे, हाच तो वाद. येथे एक फरकही सांगितला पाहिजे. हॉगवर्ट्समध्ये साध्या घरातल्या मुलालाही प्रवेशाचे पत्र घरपोच येते. आपल्याकडे शतकानुशतके ते पत्र आलेच नाही. त्यामुळे रक्तशुद्धी म्हणजे जात, असे सरळ समीकरण आम्ही मांडत नाही. पण शुद्धतेचा दावा सांगणाऱ्यांची मानसिकता ओळखीची आहे, एवढे मात्र नक्की.

नववीतल्या त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे. वोल्डेमॉर्टची आई गॉन्ट घराण्यातली. शुद्धता राखण्यासाठी चुलत-मावस भावंडांत लग्ने करून ते घराणे झोपडीला आणि वेडाला लागलेले होते, तरी रक्ताचा माज सुटला नव्हता. रक्ताची शुद्धता ही मुळात थाप आहे. म्हणूनच ती थाप सांगणारा स्वतः 'शुद्ध' असण्याची गरज नसते, त्याला फक्त सत्ता हवी असते. पण टॉम रिडलवर चित्रपट काढला, तर तो पुन्हा एका माणसाच्या दुष्टपणाचा चित्रपट होईल, अशी आम्हाला भीती वाटते. त्याला पाठिंबा देणारी सुखवस्तू, सभ्य घराणी तशीच पडद्याआड राहतील.

राहिले जेम्स आणि त्याचे मित्र. ही मागणी सर्वांत मोठी आहे. रोलिंग यांनी २००८ मध्ये एका धर्मादाय लिलावासाठी जेम्स-सिरियसवर सुमारे ८०० शब्दांची छोटी गोष्ट लिहिली होती, तेवढ्यावर चाहत्यांची भूक भागली नाही. मग त्यांनी स्वतःच लिहायला घेतले. त्यातली एक गाजलेली कथा पाच लाखांहून अधिक शब्दांची आहे आणि तिच्यात ल्युपिन हा बालगृहात वाढलेला गरीब मुलगा दाखवला आहे. मूळ पुस्तकांत तसे नाही. वाचकांना या गोष्टीत गरिबाचे मूल हवे होते, म्हणून त्यांनी ते आणले. हे आम्हाला फार बोलके वाटते.

हा काळ निवडायला आमची हरकत नाही. पण त्याच काळात, त्याच सिरियसच्या घरात, आणखी एक गोष्ट घडली आहे, जिची मागणी फारसे कोणी करत नाही. ती क्रीचरची. ब्लॅक घराण्याचा हा एल्फ, म्हणजे पिढीजात गुलाम. त्याच्या पूर्वजांची मुंडकी जिन्याच्या भिंतीवर टांगलेली. त्याला पगार नाही, छडी बाळगण्याचा हक्क नाही, मालकाने कपडा दिल्याशिवाय सुटका नाही. वोल्डेमॉर्टला एका गुहेतल्या विषारी द्रवाची परीक्षा घ्यायची होती. त्यासाठी सिरियसचा धाकटा भाऊ रेग्युलस याने क्रीचरला देऊन टाकले. वोल्डेमॉर्टने त्याला ते पाजले आणि मरायला तेथेच सोडले. पण क्रीचर परत आला. एल्फांची जादू जादूगारांना अडवणाऱ्या बंधनांपलीकडे चालते, हे वोल्डेमॉर्टच्या ध्यानातच आले नव्हते. ज्याला माणूस मानायचे नाही त्याच्याकडे ज्ञान असेल, हे त्याच्या डोक्यात कसे येणार?

क्रीचरची हकीकत ऐकून वोल्डेमॉर्टचा अनुयायी असलेला रेग्युलस फिरला. तो त्याच गुहेत गेला, या वेळी ते विष स्वतः प्यायला आणि १९७९ साली तेथेच मेला. मरताना त्याने क्रीचरला दुश्मनाचे लॉकेट देऊन ते नष्ट करायला सांगितले. घरात कोणाला काही न सांगता क्रीचर ते ओझे जवळजवळ दोन दशके वाहत राहिला. वोल्डेमॉर्टच्या पराभवाचा एक धागा या गुलामाच्या हातात होता. चित्रपटांनी काय केले? गुहेचा हा सारा इतिहास गाळला. विंकी ही एल्फ गाळली. एल्फांच्या हक्कांसाठी हर्मायनीने काढलेली संघटनाही गाळली. हॉगवर्ट्सच्या स्वयंपाकघरात शंभरावर एल्फ राबतात, म्हणून वरच्या सभागृहात मेजवानी आपोआप ताटात येते. चित्रपटात मेजवानी दिसते, राबणारे दिसत नाहीत.

"गोष्टच तर आहे, तिच्यात हे कशाला आणता?" असे कोणी म्हणेल. आम्ही काही आणलेले नाही. हे सारे पुस्तकांत छापलेले आहे. चित्रपटाला जागा कमी पडली तेव्हा कोणाला कात्री लावली, एवढेच आम्ही दाखवत आहोत.

म्हणून आमचे म्हणणे असे की प्रीक्वेल जरूर काढा. १९७० चे दशकही घ्या, जेम्स आणि सिरियसची मोटारसायकलही उडवा. पण कॅमेरा एकदा ब्लॅक घराण्याच्या स्वयंपाकघरात ठेवा. भिंतीवरच्या वंशवृक्षातून बिगर-जादूगार घरात जन्मलेल्या मुलाशी लग्न केले म्हणून जाळून टाकलेले अँड्रोमेडाचे नाव दाखवा. आणि कथा क्रीचरच्या तोंडून सांगा.

स्टुडिओ हे करील याची आम्ही वाट पाहत बसणार नाही. ल्युपिनला बालगृहात नेणाऱ्या वाचकाने कोणाची परवानगी घेतली नव्हती. आमच्या अभ्यासिकेतल्या मुलांना आम्ही हाच विषय दिला आहे : गुहेतून परत आलेल्या क्रीचरने त्या रात्री रेग्युलसला काय सांगितले असेल, ते दोन पानांत लिहा. आतापर्यंत चौघांनी लिहून दिले आहे. चौघांच्याही क्रीचरने पहिला प्रश्न एकच विचारला आहे : "मालक, तुम्ही मला का पाठवलेत?"