रुतलेलें नख

पायाच्या आंगठ्याचें नख हा लेखाचा विषय होऊं शकेल, असें आमच्याहि मनांत कधीं आलें नव्हतें. परंतु सन २०१९च्या पावसाळ्यांत या क्षुल्लक वस्तूनें आमच्या घरांतील एका वडील माणसाचें पाऊल धोक्यांत आणलें आणि त्यांत आमचाच हात होता. म्हणून ती हकीकत सांगणें प्राप्त आहे.

नखांचे कोपरे गोल उतरवावे, असें आम्हांस लहानपणापासून वळण. त्यांत कचेरीचे निमुळत्या टोकाचे बूट. एके दिवशीं आंगठ्याची कड लाल होऊन सुजली. पांघरुणाचा स्पर्शहि सोसवेना. आईनें तें नखुरडें ठरवून आंगठ्यावर लिंबू बसविलें. आम्हीं मात्र ब्लेडच्या टोकानें रुतलेला कोपरा खोलवर कोरून काढला. काय तो आराम! दोन महिन्यांनीं दुखणें परत, पुन्हा ब्लेड. असें तीन वर्षें चाललें, आणि घरांतील पोरें आम्हांस ‘नखवैद्य’ म्हणूं लागलीं.

यांतली चूक डॉक्टरांनीं पुढें समजावून दिली. नख वाढतें तें मुळापासून. कोपरा खोल कापला म्हणजे बाजूचें मांस मोकळ्या जागेवर चढतें, आणि आंत नजरेस न पडणारें एखादें अणकुचीदार कुसळ राहून जातें. नख पुढें सरकूं लागलें कीं तें मांसांत घुसतें. शरीर त्यास परक्या कांट्याप्रमाणें लेखतें. म्हणून सूज, मग पू, आणि फार दिवस दुर्लक्ष झाल्यास हात लावतांच रक्त येणारें लाल, ओलसर मांस. म्हणजे दर खेपेचा आमचा आराम हा पुढच्या दुखण्याचें बीं होता. (नखाच्या मध्यावर त्रिकोणी खांच पाडल्यास कडा आंत ओढल्या जातात, हा समजहि असाच पोकळ.)

आमचे थोरले काका वीस वर्षांचे मधुमेही. त्यांच्या आंगठ्याची कड लाल झाली तेव्हां त्यांनीं नखवैद्यांकडे ब्लेड मागितलें, आणि आम्हीं तें मोठ्या ऐटीनें दिलें. दुसऱ्या दिवशीं विचारलें, तर म्हणाले, “मला मुळींच दुखत नाहीं रे!” आम्हांस तें सुचिन्ह वाटलें. मधुमेहानें पायाची संवेदना बोथट होते, रक्तपुरवठाहि मंदावतो, आणि न दुखणें हेंच भयाचें लक्षण ठरतें, हें आठव्या दिवशीं कळलें. काकूंनीं त्यांचा मोजा काढला तों आंगठा काळानिळा, आणि लाली पावलावर चढलेली. अकरा दिवस ते रुग्णालयांत होते. त्यांतले पांच दिवस बोट राहतें कीं जातें हें कोणी सांगेना. आंगठा वांचला. काकू आम्हांस एक शब्दहि लावून बोलल्या नाहींत. तेंच अधिक लागलें.

दुखणें नुकतेंच सुरू झालें असेल, पू नसेल, आणि प्रकृति निरोगी असेल, तर घरचा उपाय पुष्कळदां पुरतो. दिवसांतून तीनदां पाव तास पाय कोमट पाण्यांत बुडवावा, मऊ झालेलें मांस नखापासून हलकेंच दूर लोटावें, कोपऱ्याखालीं स्वच्छ कापसाची बारीक वात सरकवून ती रोज बदलावी, आणि बूट सोडून मोकळी चप्पल घालावी. पायाचें नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतें, तेव्हां धीर हवा. कापावयाचें तें सरळ, कोपरे मांसाबाहेर दिसतील असें. मधुमेही माणसानें मात्र यांतलें कांहींच न करतां डॉक्टरांकडे जावें.

आमच्या आंगठ्याची व्यवस्था काका घरीं आल्यावर झाली. बुडाशीं बधिरतेचें इंजेक्शन (तेवढें मात्र झोंबतें), मग नखाची कड उभी कापून तिच्या मुळास फेनॉल लावलें, म्हणजे तेवढी कड पुन्हा उगवूं नये. लिस्टरनें १८६५ सालीं जखमा निर्जंतुक ठेवण्यास योजिलेलें कार्बोलिक आम्ल तें हेंच. अर्ध्या तासाचें काम. जखम मात्र कांहीं आठवडे पाझरली.

हल्लीं दर रविवारीं काकांचे पाय मांडीवर घेऊन आम्ही ते बोटांच्या बेचक्यांसह न्याहाळतों. त्यांचीं नखें डॉक्टरांकडेच कापलीं जातात. फक्त शनिवारची वेळ मिळाली तर ते जावयास तयार नसतात. ब्लेडें काकूंच्या कपाटांत कुलुपांत आहेत.