आमचे बाबा आणि इंग्रजी भूतकाळ

बारावीपर्यंत इंग्रजीच्या पेपरात मला बरे मार्क पडायचे. मोकळ्या जागा भरा, काळ बदला, असलं सगळं जमायचं. त्यामुळं कॉलेजात आल्यावर फी सवलतीचा अर्ज इंग्रजीत लिहायचा म्हटल्यावर मी कुणालाच विचारलं नाही. रात्री जेवणं झाल्यावर बसले आणि एका दमात पानभर लिहून काढलं.

आमचे बाबा उद्यमबागेत एका फाउंड्रीत मोल्डर होते. २२ वर्षं. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये ओतकाम चालू असताना लोखंडाचा रस त्यांच्या उजव्या पायावर सांडला. पाय वाचला, पण तासन् तास उभं राहायचं काम सुटलं ते सुटलंच. आता ते अनगोळात एका किराणा दुकानात हिशेब बघतात. हे मी मराठीत किती सरळ सांगितलं बघा. अर्जात मात्र असं उतरलं: 'माय फादर वॉज अ मोल्डर. ही हॅड वर्क्ड फॉर ट्वेंटी-टू इयर्स. लास्ट इयर ही हॅड मेट विथ ॲन ॲक्सिडेंट. ही वॉज अ व्हेरी ऑनेस्ट मॅन.'

मुलाखतीला जे सर होते ते केरळचे. त्यांना मराठी येत नव्हतं आणि माझं कन्नड भाजीबाजारापुरतं. उरली इंग्रजी. सरांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि फार हळू आवाजात विचारलं, "आय ॲम सॉरी. व्हेन डिड ही पास अवे?"

'पास' म्हणजे परीक्षेतलं, एवढंच मला ठाऊक. अपघाताची तारीख विचारतायत असं समजून मी म्हटलं, "लास्ट इयर, सर. ऑगस्ट." सरांनी मान हलवली, अर्जावर काहीतरी लिहिलं आणि मला पाणी प्यायला दिलं. केवढे चांगले सर, असं वाटून मी बाहेर आले.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. पूर्ण फी माफ! आईनं देवासमोर साखर ठेवली. बाबा पत्र हातात घेऊन बोट ठेवत ठेवत वाचू लागले आणि स्वतःच्या नावापाशी थांबले. नावाच्या आधी 'लेट' असं लिहिलं होतं. फाउंड्रीतल्या हजेरी कार्डावरचा हा शब्द त्यांना चांगला माहीत होता.

"अगं, हे काय? मी कधी लेट झालो कामाला? बावीस वर्षांत एक लेटमार्क नाही माझा. विचार जा कुणालाही."

ते खरोखर दुखावले होते. आणि मला तेव्हा त्या 'पास अवे'चा अर्थ कळला.

रात्रभर झोप लागली नाही. गप्प बसलं तर वर्षाची फी वाचत होती, हे खोटं कशाला बोलू? सकाळी इंग्रजीच्या मॅडमना गाठलं. अर्जाची झेरॉक्स बघून त्या आधी हसल्या, मग माझं तोंड बघून थांबल्या. फळ्यावर एक आडवी रेघ ओढली, टोकाला 'आज' लिहिलं आणि म्हणाल्या, "'लास्ट इयर' म्हणून वेळ सांगितलीस ना? मग साधा भूतकाळ. 'मेट', संपलं. 'हॅड' एकटा येत नसतो. दोन गोष्टी घडून गेल्या आणि त्यातली आधीची कुठली ते दाखवायचं असलं, तरच त्याला बोलवायचं. मी स्टॉपवर पोचले तेव्हा बस गेली होती. तिथं 'हॅड लेफ्ट'."

आमची गडबड इथंच होते. आपण उठता बसता 'होते' लावतो. 'काल कुठं गेल्तीस?' 'बाजारात गेल्ते.' त्या 'गेल्ते'मध्ये 'जाऊन परत आले' हे आपोआप येतं. आधीची, नंतरची अशी दुसरी गोष्ट लागतच नाही. तेच वाक्य उचलून इंग्रजीत ठेवलं की 'आय हॅड गॉन टू मार्केट यस्टर्डे' होतं, आणि ऐकणारा वाट बघत बसतो की मग पुढं काय झालं?

मग मॅडमनी रेघेवर २२ वर्षं मोजून दाखवली. 'ही हॅज वर्क्ड' म्हटलं तर काम आजपर्यंत आलं, अजून चालू आहे. 'ही वर्क्ड' म्हटलं तर काम मागं कुठंतरी थांबलं. माणसाचं काय झालं ते या वाक्यात नाही. "पण 'वॉज ॲन ऑनेस्ट मॅन'? नोकरी सुटते गं, प्रामाणिकपणा कसा सुटेल? तिथं तू बाबांना मारलंस."

खरं तर मराठीत 'बाबा फार प्रामाणिक होते' असं मी मेले तरी लिहिलं नसतं. कान धरून कुणीतरी थांबवलंच असतं. नुसतं 'बाबा गेले' एवढंसुद्धा आपण म्हणत नाही, 'दुकानात गेलेत' म्हणतो. घराबाहेर पडताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणणारी माणसं आपण. पण शाळेत शिकवलं होतं की निबंध भूतकाळात सुरू केला की शेवटपर्यंत काळ बदलायचा नाही. मी तो नियम पाळला. इंग्रजीत मला कान नव्हता, नुसते नियम होते.

मॅडमकडून एक कळलं आणि जरा बरं वाटलं. विल्यम केरी यांनी १८०५ साली बंगालमधल्या सेरामपूरला मराठीचं व्याकरण इंग्रजीतून छापलं. 'मी आंबा खाल्ला' पण 'मी भाकरी खाल्ली', म्हणजे खाणारा तोच आणि क्रियापद भाकरीच्या मागं धावतं, हे ओळखताना त्या साहेबांनीही डोकं धरलं असेल, असं आपलं मला वाटतं.

दुपारी सरांकडं गेले. या वेळी कागदावर तीनच ओळी होत्या. माझे वडील हयात आहेत. गेल्या ऑगस्टपर्यंत ते फाउंड्रीत काम करत होते, तिथं 'वर्क्ड'. ते अजून त्या कामावर परतलेले नाहीत, तिथं 'हॅज नॉट गॉन बॅक'. सरांनी दोनदा वाचलं. काही क्षण मला वाटलं, आता रागावणार. त्यांनी खुर्चीला पाठ टेकली आणि "थँक गॉड" म्हणाले. मग नियम सांगितला. वडील नसलेल्यांना पूर्ण माफी, बाकीच्यांना अर्धी.

अर्धी फी आईनं भिशीतून भरली.

नवीन पत्र आलं तेव्हा मी जुनं फाडायला घेतलं. बाबांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि पत्र्याच्या डब्यात, हजेरी कार्डांच्या गठ्ठ्यात ठेवलं. 'लेट'चा दुसरा अर्थ मी तोवर त्यांना सांगितला होता. सांगताना माझा आवाज लागत नव्हता, आणि ते मात्र डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले होते.

परवा दुकानात महिनाअखेरचा हिशेब होता. रात्री साडेनऊ वाजून गेले तरी बाबांचा पत्ता नाही. शेवटी फाटक वाजलं तशी आई दारातूनच ओरडली, "कुठं गेल्ता एवढा वेळ?"

बाबा पाय ओढत पायरी चढले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "लेट झालो."