परतीचे भाडे

थोरल्या चिरंजीवांकडे अमेरिकेस सहा महिने सहकुटुंब राहावयाचे ठरताच आम्ही जाण्यायेण्याचे भाडे व दुखण्याखुपण्याच्या विम्याचा हप्ता आमच्या निवृत्तिवेतनाच्या शिलकीतून आधी बाजूस काढला. चिरंजीवांस हे रुचले नाही. परंतु पंडिता रमाबाईंचे उदाहरण पाहावे. धर्मांतराविषयी मतभेद असोत. १८८३ साली चिमुकल्या मनोरमेसह त्या विलायतेस निघाल्या, त्या ‘स्त्रीधर्मनीति’ या स्वतःच्या ग्रंथाच्या उत्पन्नावर. पुढे चेल्टनहॅम येथे त्यांनी संस्कृत शिकविले. भाडे एकदाच लागते, निर्वाह नित्य लागतो. तेथील अन्नवस्त्र मुलाने खुशाल पाहावे, तो त्याचा अधिकारच आहे. परंतु परतीचा खर्च ज्याच्या त्याच्या गाठीस असावा. मनात येईल तेव्हा निघता आले, तरच राहणे प्रेमाचे ठरते.